मॉरिशसला जाताय? समुद्र शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीजवळचं एक कुटुंब सप्टेंबरमध्ये सात दिवसांसाठी मॉरिशसला निघालं आहे. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी, सत्तरीला टेकलेले आईबाबा. बाबांचा जन्म उसाच्या शेतीत गेलेला, आई पूर्ण शाकाहारी. हातात आलेल्या पॅकेजमध्ये पॅरासेलिंग, स्पीडबोट, पाण्याखालचं चालणं आणि दुकानांचे तीन थांबे आहेत. ‘आईबाबांनी तिथे काय करायचं? समुद्र तर आपल्या कोकणातही आहे,’ असं त्यांनी विचारलं आहे.

गेली अठरा वर्षं मी पुण्याहून मॉरिशसला छोटे गट घेऊन जातो. सुरुवातीच्या सहलींत मीही असंच पॅकेज विकत होतो. लोक खूश होऊन परतायचे, पण महिन्याभराने भेटले की त्यांना फक्त पाण्याचा रंग आठवायचा. मग मी क्रम उलटा केला. आधी बंदरावरचा घाट, मग ऊस, मग डोंगर आणि जंगल, मग माणसं, आणि अगदी शेवटी समुद्र. आईबाबा बरोबर असतील तर हाच क्रम धरा, असं मी मनापासून सांगेन. त्याचं कारण पुढे कळेलच.

आधी व्यवहाराचं. मुख्य बेट सुमारे 1,865 चौरस किलोमीटरचं, म्हणजे तुमच्या सांगली जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान. उत्तर-दक्षिण 65 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 45. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मुंबईहून थेट विमानाने सहा तासांचा प्रवास आहे आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मात्र हातात छापील ठेवा, कारण उतरल्यावर विचारतात. तिथे चलन रुपयाच आहे, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. किंमत ऐकली की जवळजवळ दुप्पट करा, म्हणजे हिशेब चुकणार नाही. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे आहेत. जून ते सप्टेंबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये. सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याचा शेवट. हवा कोरडी असते, फिरायला याहून चांगला महिना शोधून सापडायचा नाही, पण समुद्राचं पाणी थोडं गार लागेल. त्या दिवसांत वारा आग्नेयेकडून येतो, म्हणून पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी बसवत नाही. पश्चिमेला मधले डोंगर वारा अडवतात. त्यामुळे हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आँ फ्लाकच्या आसपास घ्या. सहाही रात्री तिथेच काढा. दोन-तीन हॉटेलं बदलणारी पॅकेजं वयस्करांसाठी त्रासाची होतात. बेटाच्या कुठल्याही टोकाला दीड-दोन तासांत पोचता येतं, मग दर दोन दिवसांनी बॅगा कशाला भरायच्या? आईबाबांसाठी एक-एक स्वेटर मात्र घ्या. क्युरपीपसारखं मधल्या पठारावरचं गाव किनाऱ्याहून बरंच थंड असतं आणि तिथे भुरभुर पाऊस कधीही येतो.

आता मुद्द्याचं. पहिला पूर्ण दिवस राजधानी पोर्ट लुईला द्या, आणि सकाळी सर्वांत आधी आप्रवासी घाटावर जा.

बघायला गेलं तर तिथे फार काही नाही. काळ्या दगडाच्या काही भिंती, एका दवाखान्याचे अवशेष, स्वयंपाकघर, आणि सोळा पायऱ्या. पण 1834 साली ब्रिटिशांनी गुलामगिरीला पर्याय म्हणून करारावरचे मजूर आणायला सुरुवात केली, आणि पुढच्या सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांहून अधिक माणसं या बंदरातून आत आली. बहुतेक सगळी भारतातली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून पहिली 36 माणसं उतरली, म्हणून 2 नोव्हेंबरला आजही देशभर सुट्टी असते. घाटावरची इमारत 1849 मध्ये उभी राहिली. जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव ‘कुली घाट’ होतं. 2006 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली.

करार बहुधा पाच वर्षांचा असायचा. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ‘दुहेरी कपात’ म्हणून तो नियम बदनाम आहे. माणूस आजारी पडला तरी तो कर्जातच बुडायचा. शेजारच्या केंद्रात मजुरांची छायाचित्रं, जहाजातल्या जागेचा नमुना आणि नोंदवह्यांच्या प्रती आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. तिथे घाई करू नका, दीड तास ठेवा. माझ्या गटातली माणसं जहाजावरून उतरल्यासारखी गप्प होतात तिथे. रत्नागिरीकडच्या एक आजी एकदा त्या पायऱ्यांवर बसूनच राहिल्या. त्यांचे पणजोबा मुंबईला जातो म्हणून घरातून निघाले आणि परत आलेच नाहीत, एवढंच त्यांना माहीत होतं. ते इथे आले की नाही, हे सांगायला कुठलाही कागद नव्हता. पण त्यांनी बरोबर आणलेली दोन फुलं पायरीवर ठेवली. तेव्हापासून गटाला आधी इथे आणायचं, हे मी कधी मोडलं नाही.

मॉरिशसमध्ये पुढे जे काही दिसेल, त्याचा धागा इथून निघतो. उसाची शेतं, देवळं, डाळपुरी, माणसांची नावं, सगळंच. इथल्या अनेक घरांत पूर्वजाचं पाळण्यातलं नाव नोंदवहीत चढलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. समोरच्या ड्रायव्हरचं आडनाव आपल्याकडचं एखादं साधं पहिलं नाव का आहे, हे घाट बघितल्यावर विचारावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगा. भारतीय मजूर येण्याआधी इथे आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबत होते. गुलामगिरी 1835 मध्ये संपली. घाटापासून थोड्या अंतरावर जुन्या लष्करी इस्पितळात 2023 मध्ये गुलामगिरीवरचं संग्रहालय सुरू झालं आहे. वेळ असेल तर तेही बघा. आपण भारतीय पर्यटक बहुधा आपलीच गोष्ट शोधतो आणि बेटाची अर्धी गोष्ट वगळून परत येतो.

घाटावरून चालत मुख्य बाजारात जाता येतं, आणि आईंच्या जेवणाची चिंता तिथे मिटते. डाळपुरी हा मॉरिशसचा खरा राष्ट्रीय पदार्थ. पिवळी डाळ शिजवून, वाटून, पुरणासारखी भरून लाटलेली पातळ पोळी. बिनगुळाची, हळदीची पुरणपोळी म्हटलं की आईंना लगेच कळेल. ती नेहमी जोडीने देतात. त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा ‘रुगाय’, लोणचं आणि मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळतात. मिरची कमी सांगा, तिथली मिरची खरोखर तिखट असते. याशिवाय ‘गातो पिमाँ’ म्हणजे आपले डाळवडे, ते तर सकाळी पावात घालून खातात. ‘फराटा’ म्हणजे पराठा. ‘आलुदा’ म्हणजे दूध, सब्जा आणि अगर-अगर घातलेला फालुद्याचा भाऊ. बाजारातला आलुदा गर्दीत उभं राहून प्यायचा असतो. छोटे, अतिगोड अननस सोलून, चिंच-मीठ-मिरची लावून हातात देतात, ते मुलीला सोडवणार नाहीत.

शाकाहाराची एक अडचण आधीच सांगतो. तळलेल्या नूडल्स आणि भाज्यांत शिंपल्यांचा किंवा माशाचा सॉस पडतो, आणि विक्रेत्याच्या मते तो पदार्थ भाजीचाच असतो. म्हणून क्रिओलमध्ये स्पष्ट विचारा: ‘सां लाव्यान, सां प्वासों?’ म्हणजे मांस नाही ना, मासा नाही ना. क्रिओल ही बहुतेकांची घरची भाषा आहे. फ्रेंचमधून आलेली, पण तिचं व्याकरण आणि चाल स्वतःची. ‘बोंझूर’, ‘कि मान्येर?’ आणि ‘मेर्सी’ एवढं आलं तरी समोरचा खुलतो. हिंदी बऱ्याच जणांना समजते. नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीही छापलेली असते. 1998 मध्ये या दोन भाषांचा क्रम बदलला म्हणून एवढा वाद झाला की नव्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. इथे कुणाची भाषा कुठल्या ओळीत आहे, याला फार किंमत आहे. बोलताना ‘तुम्ही सगळे बिहारीच ना?’ असं कुणाला म्हणू नका. तमिळ, तेलुगू, मराठी, भोजपुरी, मुस्लिम, चिनी आणि क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज) हे सगळे आपापलं वेगळेपण जपून एकमेकांचे सण पाळतात. सप्टेंबरच्या 8-9 तारखेला तुम्ही तिथे असाल तर हे डोळ्यांनी दिसेल: पेअर लाव्हाल या फ्रेंच पाद्र्याच्या समाधीला रात्रभर लोक चालत जातात, आणि त्या रांगेत हिंदू बायकाही असतात.

दुसरा दिवस खास बाबांसाठी.

सप्टेंबरमध्ये आपल्याकडे गाळप सुरू व्हायला अजून वेळ असतो. मॉरिशसमध्ये जूनपासून वर्षाच्या अखेरपर्यंत ऊसतोड चालते, म्हणजे तुम्ही ऐन हंगामात पोचताय. रस्त्याने उसाच्या गाड्या, शेतात तोडणीयंत्रं, हवेत तो ओळखीचा वास. एका काळी लागवडीखालची जवळपास सगळी जमीन उसाखाली होती. आता साखरेचा भाव पडल्यामुळे आणि युरोपातली हमीभावाची सोय संपल्यामुळे क्षेत्र घटलं आहे, शेतांच्या जागी वसाहती उठताहेत. चिपाडावर वीज तयार करून ती राष्ट्रीय जाळ्यात देण्याचं काम मात्र ते फार जुन्या काळापासून करतात. सहवीजनिर्मितीवर बाबा तिथल्या लोकांशी तासभर बोलू शकतील.

आणि शेतात एक गोष्ट बघायला सांगा. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात, काही तर दोन मजले उंच, पायऱ्यापायऱ्यांचे, पिरॅमिडसारखे. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, जमीन दगडांनी भरलेली. तो एक-एक दगड हाताने वेचून, डोक्यावर वाहून मजुरांनी बाजूला रचला, तेव्हा कुठे ऊस लावता आला. पर्यटकांच्या कुठल्याही यादीत हे ढीग नाहीत. मला विचाराल तर या देशातलं सर्वांत मोठं स्मारक तेच. ज्याने आयुष्यात शेतातले दगड वेचले आहेत, त्याला ते समजावून सांगावं लागणार नाही.

उत्तरेला बो प्लाँ इथे बंद पडलेल्या साखर कारखान्यात संग्रहालय केलं आहे. जुनी यंत्रं जागच्या जागी ठेवून त्यांच्यामधून फिरवतात आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. काळसर, काकवीची चव राहिलेली साखर आईंना आवडेल. हे ठिकाण नीट बघण्याचं कारण म्हणजे त्यात साखरेबरोबर गुलाम, मजूर, डच, फ्रेंच, ब्रिटिश असा सगळा इतिहास येतो. डच 1598 मध्ये उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसवरून बेटाला नाव दिलं आणि ऊसही त्यांनीच आणला. 1710 मध्ये ते निघून गेले. पुढे फ्रेंच आले, 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं, पण फ्रेंच जमीनदार, भाषा आणि कायदे तसेच राहू दिले. म्हणून आजही कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि भांडण क्रिओलमध्ये. स्वातंत्र्याची तारीख 12 मार्च 1968, आणि ती दांडीयात्रेच्या दिवसाशी जोडून निवडलेली. गांधीजी स्वतः 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना इथे काही दिवस थांबले होते.

तिथून हाकेच्या अंतरावर पाँप्लमूसची बाग आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने डचांच्या ताब्यातल्या बेटांवरून जायफळ आणि लवंगेची रोपं चोरून आणवली आणि इथे वाढवली. मसाल्यांवरची डचांची मक्तेदारी मोडायला अशा बागा कारणीभूत ठरल्या. परातीएवढ्या पानांची कमळं सगळेच बघतात. त्यापुढचे तालिपॉट ताड बघा. तो ताड पन्नास-साठ वर्षांत एकदाच फुलतो आणि मग मरतो. मार्गदर्शक जरूर घ्या, झाडांवर पुरेशा पाट्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी नैऋत्येचे डोंगर. सकाळी गंगा तलाव. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका पुजाऱ्याला स्वप्नात दिसलं की याचा गंगेशी संबंध आहे, आणि तिथून यात्रा सुरू झाली. 1972 मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल त्यात मिसळलं. महाशिवरात्रीला लाखो लोक पांढरे कपडे घालून, सजवलेल्या कावडी घेऊन चालत येतात. आपल्या वारीची आठवण व्हावी असं ते दृश्य, आणि वाटेत सगळ्या धर्मांची माणसं पाणी-फळं वाटत उभी असतात. 108 फुटी शंकराच्या मूर्तीसमोर फोटो झाला की मोकळं होऊ नका, तळ्याच्या काठाने खाली उतरून पाण्याजवळ थोडं बसा. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

त्याच वाटेवर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे, 1994 मध्ये जाहीर झालेलं. बेटावरचं मूळचं जंगल आता अगदी थोडं उरलं आहे, ते मुख्यतः इथे. रस्त्यालगतच्या दर्शनस्थळावरून आईबाबांनाही दरी आणि धबधबे दिसतील. शामारेलची सात रंगांची माती अर्ध्या तासात बघून होते. ज्वालामुखीचा खडक झिजून लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं वेगवेगळ्या प्रमाणात उरली, त्याचे ते रंग. सुंदर आहे, पण त्यासाठी दिवस घालवू नका.

संध्याकाळ मात्र ल मॉर्नसाठी राखा. समुद्रात घुसलेला 556 मीटरचा हा एकटा डोंगर. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांत आणि गुहांत लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला पकडायला आले असं समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा क्रिओल लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. 2008 मध्ये हाही जागतिक वारसा झाला. चढण अवघड आहे, पण पायथ्याच्या सार्वजनिक किनाऱ्यावर बसून सूर्यास्त बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

सेगा नाचाबद्दल इथेच सांगतो, कारण तो याच लोकांचा. हॉटेलात रात्री झगमगत्या घागऱ्यांचा कार्यक्रम होतो, तो बघा, पण तोच सेगा असं समजू नका. खऱ्या सेगात रावान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य, बिया भरलेलं मारावान आणि एक लोखंडी त्रिकोण, एवढंच असतं. वाजवण्याआधी रावान जाळावर शेकतात. आपल्याकडे हलगी शेकतात ना, अगदी तशी! पाय जमिनीपासून फारसे उचलायचे नाहीत, सरकवायचे. पायांत साखळदंड असल्याची ती आठवण, असं काही जुने लोक सांगतात. रविवारी संध्याकाळी सार्वजनिक किनाऱ्यांवर स्थानिक कुटुंबं पातेली घेऊन सहलीला येतात, तिथे कुणीतरी रावान काढतंच. लांब उभं राहून मोबाइल रोखू नका, जवळ जाऊन ‘बोंझूर’ म्हणा. बहुतेक वेळा ताटच हातात येतं.

मुलीसाठी चौथा दिवस सर्वांत महत्त्वाचा. आग्नेयेला माएबूर गावाजवळ ‘इल ओ एग्रेत’ नावाचं 26 हेक्टरचं बेट आहे. होडीने दहाएक मिनिटं. तिथे एकटं फिरता येत नाही, बेट सांभाळणाऱ्या संस्थेचा मार्गदर्शकच नेतो, आणि आधी नाव नोंदवावं लागतं. पॅकेजवाल्याने ‘तिथे काही नाही’ म्हटलं तरी ऐकू नका.

डोडो सगळ्यांना माहीत असतो. माणूस पोचल्यावर शंभर वर्षांच्या आत तो संपला. त्याला खाऊन संपवलं असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. तो जमिनीवर अंडी घालायचा, आणि जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं ती अंडी खायची. ज्या दलदलीत 1865 मध्ये त्याची हाडं मोठ्या प्रमाणावर सापडली, ती विमानतळाच्या अगदी जवळ आहे. पण डोडोनंतरची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. 1974 मध्ये मॉरिशसचा ससाणा जंगलात फक्त चार उरला होता. 1990 च्या सुमारास गुलाबी पारव्याची संख्या दहाच्या आसपास होती. कार्ल जोन्स या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणीयंत्रात ठेवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली. पिल्लं हाताने वाढवली, लाकडी घरटी टांगली, उंदीर-मुंगसांचा बंदोबस्त केला. आज दोन्ही पक्षी शेकड्यांनी आहेत. इल ओ एग्रेतवर गुलाबी पारवा डोक्यावरच्या फांदीवर बसलेला दिसतो. मोठाली कासवंही आहेत. मूळची कासवं नष्ट झाली, म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटावरच्या जातीची आणून सोडली, आणि का सोडली ते मुलीला मार्गदर्शकाकडून ऐकू द्या: अबनूसाची फळं खाऊन त्याचं बी इकडे-तिकडे टाकणारं कुणी उरलं नव्हतं, ते काम ही कासवं करतात.

याच किनाऱ्यासमोर 25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशियो’ हे मोठं जहाज प्रवाळाच्या भिंतीवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा कुणाची वाट न बघता गावंच्या गावं किनाऱ्यावर उतरली. कापडी नळ्यांत उसाचं पाचट भरून, रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तरंगते बांध केले. लोकांनी तेल शोषायला आपले केसही कापून दिले. माएबूरच्या माणसांना हे विचारलं की अजून आवाज बदलतो. पाचटाचा तो उपयोग बाबांना नक्की सांगा. माएबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो, शक्य असेल तर हा दिवस सोमवारी आणा. 1870 पासून चालू असलेला कसाव्याच्या बिस्किटांचा छोटा कारखानाही तिथेच आहे.

आता आपली माणसं. मुंबई बंदरातून आलेल्यांत मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे लोक होते. कलकत्ता आणि मद्रासहून आलेल्यांच्या मानाने ते थोडे, तरीही पावणेदोनशे-दोनशे वर्षं टिकले. फ्लिक आँ फ्लाकच्या जवळ कास्कावेल आणि वरती वाक्वा या भागांत त्यांची वस्ती आहे. शाळांत मराठी शिकवतात, मराठी मंडळी आहेत, आणि 2023 मध्ये महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. गणेश चतुर्थीची देशाला सुट्टी असते, आणि ती बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला धरून. तुमची तारीख त्या दिवसांत येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘झाकरी’ नाचतात. कोकणातली जाखडी ती हीच: गोल रिंगण, पायांत घुंगरू, ढोलकी, झांज. शब्द काही ठिकाणी झिजले आहेत, ठेका झिजलेला नाही.

एक विनंती आहे. त्यांचं मराठी ऐकून हसू नका, दुरुस्त तर अजिबात करू नका. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, असं असताना त्यांनी आरत्या पाठ ठेवल्या आहेत, त्यांतल्या काही तर अर्थ न कळता. माझ्या गटातल्या एका गृहस्थांनी एकदा तिथल्या वयस्कर बाईंना ‘असं नाही, तसं म्हणायचं’ म्हणून सांगितलं. त्या गप्प झाल्या आणि पुढे क्रिओलमध्येच बोलल्या. मला ते आजही लागतं. न्यायचंच असेल तर लहान मुलांची मराठी चित्रांची पुस्तकं न्या. त्याहून मोठी भेट तिथे नाही. देवळात गेलात तर चपला बाहेर, आणि प्रसादाला नाही म्हणू नका.

पाचवा-सहावा दिवस समुद्राचा. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाट तिच्यावर फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं, म्हणून पोहता न येणारेही कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभे राहतात. दक्षिणेला ग्री ग्री इथे ती भिंत तुटलेली आहे; तिथे लाटा कड्यावर आदळतात, बघायला भव्य, पाण्यात उतरायला धोक्याचं. आईबाबांनाही पाण्यात उतरवा, पण रबरी बूट घालून. तळाशी समुद्री साळू असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, शिंपले-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत; विमानतळावर पकडलात तर त्रास होईल, आणि ते बरोबरही नाही. तळ काचेचा असलेली होडी ब्लू बेच्या सागरी उद्यानात घ्या. पाण्याखाली हेल्मेट घालून चालण्याचा प्रकार रक्तदाब किंवा कानाचा त्रास असणाऱ्यांनी टाळावा. डॉल्फिनमागे होड्या पळवून लोकांना त्यांच्यावर उड्या मारायला लावतात, ती सहल मी कुठल्याच गटाला देत नाही. ते प्राणी तिथे विश्रांतीला आलेले असतात. पॅरासेलिंग मुलीला हवं असेल तर करू द्या. होडीवाल्याचा परवाना आणि जीवरक्षक जाकिटं आधी बघा.

गाडीबद्दल शेवटचं. टॅक्सीला मीटर लावत नाहीत, म्हणून दिवसभराचा एकच ड्रायव्हर ठरवा आणि भाडं बसण्याआधी बोलून घ्या. दुकानांचे थांबे नकोत हेही त्याच वेळी सांगा. त्याला त्यातून मिळणारं कमिशन बुडतं, म्हणून भाड्यात थोडे जास्त देऊन टाका, म्हणजे मन दोन्हीकडे स्वच्छ राहतं. आणि उत्तरेच्या दिवशी त्याला आणखी एक काम सांगून ठेवा: तोडणी चालू असलेलं शेत दिसलं की गाडी बाजूला घे. बाबा उतरून बांधावर गेले की पुढचं संभाषण त्यांचं ते बघतील. भाषा येत नसली तरी उसाचं कांडं हातात घेऊन बोलणारी माणसं मी तिथे अनेकदा पाहिली आहेत.